सरकीखालच्या मोठ्या बाटल्या

माणसाला एखादा शौक असावा असं म्हणतात. तो बायकोला समजणारा असावा, हे मात्र मला वेळेवर कोणी सांगितलं नाही. त्यामुळे कोरीटसारख्या गावात, जिथे पाहुण्याला ताक दिलं की पाहुणचार पुरा होतो, तिथे बसून मी विलायती वाइनच्या मोठमोठ्या बाटल्या जमवल्या. प्यायचो मात्र नाही. आमच्या घराण्यात आजवर कोणी थेंबाला शिवलेलं नव्हतं, आणि घराण्यात पहिला येण्याची मला शाळेपासूनच सवय नव्हती.

नंदुरबारला रेल्वेच्या साहेबांचे बंगले होते. साहेबाची बदली झाली की सामान विकायला निघे. टेबलं, आरसे, कंदील हे शहाणे लोक घेत. मी बाटली घेई, तीही साधी नाही. बंगल्यावरच्या गोव्याकडच्या खानसाम्यानं मला सांगितलं होतं की काही बाटल्यांत दोन बाटल्यांची वाइन मावते, काहींत चारांची, काहींत आठांची. आणि बाटली जितकी मोठी, तितकी आतली वाइन सावकाश मुरते. मला त्यातलं एवढंच पटलं, की घरात लहान बाटली दिसली तर लोक दारुडा म्हणतील, घागरीएवढी दिसली तर नुसतं खुळा म्हणतील. खुळा म्हणवून घ्यायला आमच्याकडे कोणाची हरकत नव्हती.

तीन बाटल्या जमल्या. त्याला मी संग्रह म्हणत असे.

"तुम्ही पेतस नही, इकतस नही," बायको म्हणाली. "मंग हाऊ काय देव शे?"

खानसाम्याचा हुकूम होता: आडवी ठेवा, अंधारात ठेवा, हलवू नका. आमच्या घरात न हलणारी अशी एकच जागा, सरकीची खोली. कापूस नि सरकी वेगळी करणाऱ्या जिनातून परत आणलेली सरकी म्हशींसाठी तिथे छतापर्यंत रचलेली असे. मी बाटल्या पार मागच्या भिंतीशी निजवल्या आणि वर सरकी ओढली. ओलसर सरकीचा ढीग आतून भाकरीच्या तव्यासारखा तापतो, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. मी तर अर्धं आयुष्य कापूसच पिकवला होता. पण फ्रेंच वस्तूला खानदेशी सरकी कशाला लागू पडेल, असा माझा समज.

अशी बरीच वर्षं गेली आणि मुलीचं लग्न जमायला आलं. स्थळ तापीपलीकडचं, मुलगा गुणाचा, मुलीच्या मनात भरलेला. व्याही मात्र कडक. नवरीचा मामा पितो एवढ्या ऐकीव गोष्टीवरून त्यांनी आपल्या पुतण्याची सोयरीक मोडली होती. आता ते आमचं घर पाहायला येणार होते.

घर पाहणं म्हणजे आमच्याकडे भिंती पाहणं नव्हे. पाहुणा थेट सरकीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. कारण काही हुशार लोक खाली टोपल्या पालथ्या घालून वर वीतभर सरकी पसरतात आणि लक्ष्मी दाखवतात. मीही दुसऱ्यांच्या ढिगांत हात घातले होते. माझ्या बाटल्या हाताच्या टप्प्यापलीकडे होत्या, म्हणून मी निवांत होतो. व्याही काठी घेऊन आले.

काठी आत गेली, गेली, आणि ठण्ण वाजलं.

"खाले काय शे हो?" व्याही म्हणाले. "मडका मांडेल शेतस का?"

आता मी काय सांगावं? गप्प राहिलो तर घर पोकळ, खरं सांगितलं तर घर दारुडं. सोयरीक दोन्हीकडून मोडत होती. दाराशी मुलीच्या बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. मी मुकाट्यानं सरकी उकरली. पहिल्या दोन बाटल्यांची बुचं उष्णतेनं अर्धी वर आली होती आणि खोलीत असा आंबट भपका सुटला की व्याह्यांनी उपरणं नाकाला लावलं.

"सिरका शे," बायको माझ्याआधी बोलली. तिला त्याचा वास ओळखीचा. शेजारच्या मुसलमान घरातून ती कांदा मुरवायला वाटीभर आणत असे. "यासले शौक शे."

"इतला? गावभरनं लोणचं घालतस का?"

"यासनं काही इचारू नका."

"मंग पी दखाडा," व्याही मला म्हणाले.

मी लोट्यातून पहिलीचा घोट घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, कान तापले. दुसरीनं तर घसाच सोलला. व्याह्यांची मुद्रा निवळत चालली. राहिली तिसरी, आठ बाटल्यांची, सगळ्यांत तळाशी, गार फरशीवर निजलेली. तिचं बूच जागेवर होतं. हातातला लोटा भरताना माझ्यातला बाप म्हणत होता, ही आंबट निघू दे. आणि संग्राहक म्हणत होता, एक तरी वाचू दे.

ती वाचली होती. उत्तम म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण जीभ मऊ झाली आणि छातीत हलकेच ऊब उतरली. मी तोंड शक्य तितकं वाकडं केलं, खोकलो, पदरचं थोडं कण्हलोही.

"हाऊच चांगला आंबट दिखस," व्याही म्हणाले. "हाई बाटली आम्हले द्या. कांदाले व्हई."

मी हसलो असेन, नक्की आठवत नाही. बायकोनं माझ्या हातातून लोटा घेतला, वास घेतला आणि मग आत वाकून पाहिलं.

"थांबा," ती शांतपणे म्हणाली. "यामा पालनी शेपटी शे."

पाल पडलेलं कोणी पाहायला जात नाही, जो तो मागे सरतो. व्याही सरले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"आरे, यासनी पिधं ना. मीठनं पानी आना."

पुढे काय, त्यांनी स्वतः माझी मान धरली आणि मिठाचं पाणी पाजत राहिले. आयुष्यातला तो एकुलता एक उत्तम घोट मी अंगणात परत केला. बाटली त्यांच्याच देखरेखीखाली उकिरड्यावर ओतली गेली. मग त्यांनी मला खाटेवर निजवलं, उशाशी बसून सुपारी फोडली, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "पोरी, काळजी करू नको. तुन्हा बाप वाचना."