शाल इकडं द्या, मावशी

शाल माझ्या खांद्यावर घातली, फोटो काढला, आणि मी स्टेजच्या पायऱ्या उतरायच्या आत शिपायानं तिचं टोक धरलं.

"मावशी, शाल इकडं द्या. पुढं पाहुण्यांचा सत्कार हाय. एकच उरली."

मी देत होते. सत्कारात असं चालतं हे मला माहीत आहे. नारळही तोच फिरतो. पण मागून सरांची बायको बोलली. हळू बोलली, तरी मला ऐकू आलं.

"अहो, ती काय घेता? तिच्या अंगावरची पाहुण्यांना घालणार का? गाडीतून दुसरी आणा."

तव्याला लागल्यासारखा शिपायानं हात मागं घेतला. शाल माझ्या अंगावर राहिली. ती तशीच घेऊन मी हॉलच्या शेवटी भिंतीला टेकून उभी राहिले. मग पाहुण्यांना कोरी शाल घालण्यात आली, आणि पाहुणे माइकवर म्हणाले, "भूकंपाच्या ढिगाऱ्यातून उठून सरांनी हजारो डॉक्टर घडवले. अशा माणसाला या देशानं भारतरत्न द्यायला पाहिजे!"

टाळ्या. लई वेळ टाळ्या.

लातुरात सरांचे क्लास आहेत. नांदेडहून, मुखेड-देगलूरहून पोरी डॉक्टर व्हायला इथं येऊन राहतात. त्यांच्या मेसमध्ये मी पोळ्या लाटायची. सर आमच्याच गावचे. गावात मी त्यांना मालक म्हणायची, इथं सर म्हणते. "आपल्या गावची हाय, ठेवून घ्या," असं म्हणून त्यांनीच मला काम दिलं. मला चौथीनंतर शाळा नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा धरतो.

भूकंप झाला तेव्हा सर सात-आठ वर्षांचे होते. मी त्यांच्याहून थोडी मोठी. त्यांचं घर दगडमातीचं, वर मातीचं जाड माळवद. आमचं गावाबाहेर, पत्र्याचं आणि तुरीच्या वाळल्या तुराट्यांचं. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे जमीन हलली आणि दगडाची घरं खाली बसली. आमची तुराटी कलली फक्त. म्हणून आम्ही जगलो.

उजाडायच्या आत आई गावात पळाली. मी तिच्या मागं. एरवी त्या गल्लीतून आम्ही चपला हातात घेऊन जायचो. त्या सकाळी गल्लीच नव्हती. पाटलांच्या, म्हणजे सरांच्या घराच्या ढिगाऱ्यातून बारीक रडणं येत होतं. आईजवळ खोरं नव्हतं, टिकाव नव्हता. ती हातानं माती उपसायला लागली. दगड उचलून मागं टाकायची, मी ते बाजूला ओढायची. दुपार झाली तेव्हा एक पाय दिसला. मग पोरगं निघालं. नाकातोंडात माती. आईनं आपल्या तोंडानं त्याच्या नाकातली माती ओढून काढली आणि थुंकली. मग त्याला उचलून देवळापुढच्या पिंपळाच्या पारावर नेऊन निजवलं. त्या पाराला आमच्या माणसांनी कधी पाठ टेकवली नव्हती. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. बोलायला माणसंच कमी होती.

आईच्या बोटांना नखं राहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला. पोराची आत्या वाचली होती. ती घागर घेऊन पुढं होती. आई म्हणाली, "बाई, घोटभर पाणी." आत्यानं तांब्या उंच धरला आणि वरून ओतलं. आईनं ओंजळ धरली. हात फाटलेले, चिंध्या बांधलेल्या. पाणी थांबेना. सगळं खाली गेलं. आत्या म्हणाली, "नीट धर की गं." तांब्या काही खाली आला नाही.

ते पोरगं आत्याचा पदर धरून उभं होतं.

दर वर्षी निकालानंतर सर सत्काराचा कार्यक्रम करतात. त्यात ते आपली गोष्ट सांगतात. सांगताना त्यांचा आवाज भरून येतो, पोरींच्या आया डोळे पुसतात. "मी गाडलो गेलो होतो. देवानं मला हात दिला."

मी मागं उभी राहून दर वर्षी ऐकायची. आई वारली त्या वर्षीही ऐकलं.

यंदा मी धीर केला. ऑफिसच्या दारात उभी राहून म्हटलं, "सर, यंदा आईचं नाव घ्या. दुसरं काय नको."

ते मोबाईलमधून वर न बघता म्हणाले, "बघू, बघू."

त्याच आठवड्यात भोकरची एक पोरगी ताट घेऊन चुलीजवळच बसली होती, सामान्य ज्ञानाच्या कसल्याशा परीक्षेसाठी पाठ करत. भारतरत्न, देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान. मी विचारलं, "म्हंजे काय देतेत बाळा?"

"पदक असतं मावशी. पिंपळाच्या पानासारखं. त्याच्यावर सूर्य."

पिंपळाचं पान म्हटल्यावर माझं लाटणं थांबलं.

"कुणाला देतेत?"

"मोठ्या लोकांना. पुढारी, शास्त्रज्ञ, गाणारे."

"बाया?"

"हायत की."

"हातानं माती उपसून माणूस काढलेली?"

ती हसली. वाईट नाही हसली, पोर आहे. "मावशी, ते तर कुणीबी करतंय. त्याला कशाला भारतरत्न?"

आमच्या घरात भिंतीवर ज्यांचा फोटो आहे त्यांनाही ते मिळालं. पण ते गेल्यावर, लई वर्षांनी. एवढ्या मोठ्या माणसाला इतका वेळ लावला. मग माझ्या आईला पान मिळावं असं मी म्हणत नव्हते. मी नाव मागत होते.

कार्यक्रमात सरांनी गोष्ट सांगितली. यंदा देव नव्हता. यंदा ते म्हणाले, "एका गरीब माउलीनं मला बाहेर काढलं. तिची लेक आज आपल्यात आहे. या, मावशी."

मी स्टेजवर गेले. वाटलं, आता नाव येईल. शाल आली. फोटो आला. नाव आलं नाही. पुढचं मी वर लिहिलंच आहे.

टाळ्या संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. सर पाहुण्यांचं जेवण बघायला आत आले.

मी म्हटलं, "नाव घेतलं न्हाई तुमी."

"मावशी, किती चांगलं बोललो मी! माउली म्हटलं."

"नाव का घेतलं न्हाई?"

ते इकडंतिकडं बघून जवळ आले. "नाव घेतलं की लोक आडनाव विचारतेत. आडनाव आलं की पुढचं सगळं येतं. पालक हायत, पाहुणे हायत. समजून घ्या ना."

मला समजलं. नीट समजलं. आईनं याच्या नाकातली माती तोंडानं ओढली, आणि हा तिचं नाव तोंडात घेईना. तांब्या अजून उंचच होता. फक्त आता तो याच्या हातात होता, आणि ओंजळ माझी.

मी अंगावरची शाल काढली. घडी केली. त्यांच्या पुढ्यात कणकेच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवली.

"ही पुढच्याला लागंल."

"अहो, तुम्हालाच दिली ती."

"नको. आन् ती गोष्ट पुन्हा सांगायची न्हाई. ती तुमची न्हाई. आईची हाय."

"काम करायचंय का न्हाई तुम्हाला?" आता आवाज मालकाचा होता. गावातला.

"न्हाई," मी म्हटलं. कणीक तशीच मळलेली होती. हात धुतले आणि बाहेर पडले.

आता दुसऱ्या एका मेसमध्ये पोळ्या लाटते. रात्री भांडी झाल्यावर हे लिहिते.

सर ती गोष्ट सोडणार नाहीत. तिच्यावर त्यांचा क्लास उभा आहे. कार्यक्रमाला पालक येतात, शेजारीपाजारी येतात, दारात कुणी अडवत नाही. पुढच्या वर्षी मीही जाणार. पहिल्या रांगेत बसणार. ते "एका गरीब माउलीनं" म्हणाले की मी उभी राहणार. घसा धरेल. धरू दे. माइक नको मला. तिचं नाव मी सांगणार, आडनावासकट.

गयाबाई धोंडिबा कांबळे.

ऐकलं नाही तर पुन्हा सांगणार.