विहिरीच्या पुढचा पिक्चर

शिरूर कासारच्या स्टँडजवळ माझं मोबाईलचं दुकान आहे. दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात आणि निघण्याआधी माझ्याकडून मेमरी कार्डात पिक्चर भरून नेतात. कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, करमणूक म्हणजे तेवढीच. दुसरी करमणूक म्हणजे केसरबाई.

साठीची ही बाई उसाच्या मोळ्या बांधता बांधता पिक्चर सांगते. तिचा हातखंडा पिक्चर एकच, जुना, सासुरवाशिणीचा. तरुणपणी नारायणगडाच्या जत्रेत तिनं तो व्हिडिओवर पाहिला. छळाला कंटाळून सून विहिरीच्या काठावर उभी राहिली आणि लाईट गेली, ती काही आली नाही. पुढचा शेवट केसरबाईच्या पदरचा. तिची सून विहिरीतून घागर भरून माघारी येते, नवऱ्याच्या हातात पोळपाट-लाटणं देते आणि स्वतः मुकादम होऊन टोळी चालवते. सासू तिच्या हाताखाली उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करते. दरसाल त्या सासूची फजिती वाढतच जाते. बायका हसून हसून कोयता खाली ठेवतात आणि खरा मुकादम दात-ओठ खातो.

यंदा कुण्या कंपनीनं तो पिक्चर धुऊन-पुसून नव्यानं डीव्हीडीवर काढला. मी लगेच मागवला आणि दुकानाबाहेर पाटी लावली. पहिलं कार्ड आणून दिलं ते केसरबाईच्या सुनेनं, मनिषानं. मग दुपारी केसरबाई आली. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला जमत नाही. शेवट काय आहे, तिनं सरळ विचारलं. सून उडी घेते, मी सांगितलं. ती स्टूल ओढून बसली.

"शहादेव, तेवढं इहिरीचं काडून टाक बाबा. लाईट गेल्यावानी कर. मनिषा बघल."

मी तापट माणूस. पिक्चर म्हणजे काय ऊस आहे, शेंडा छाटायला? इतक्या वर्षांची थाप उघडी पडेल म्हणून म्हातारी घाबरली, असं मी समजलो. अर्धवट माल मी देत नाही, असं ठणकावून सांगितलं. ती उठली. कार्ड मात्र तिनंच नेऊन सुनेला दिलं.

महिनाभरानं कारखान्यावरून मनिषाचा फोन आला. मी चुकीचा पिक्चर भरला, अशी तिची तक्रार. माझ्या मालाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. नटी तीच, गाणी तीच, मग चूक कुठली, मी भडकून विचारलं.

"मग ह्यात ती मरती कावून?"

पिक्चरच तसा आहे, तुझ्या सासूनं सगळ्यांना पदरचं सांगितलं, असं मी तिला ऐकवलं.

"भाऊ, लगीन झालं त्या साली मला लई तरास व्हता. त्यात आत्याबाईंचा, म्हंजी माझ्या सासूचा बी हात व्हता. मी रानातल्या इहिरीवर गेलते. त्या मागून आल्या. धरलं न्हाई, वरडल्या न्हाई. कडंला बसून पिच्चर सांगाया लागल्या. तवर त्यांचा पिच्चर इहिरीपाशीच थांबायचा. त्या दिशी पयल्यांदा फुडं गेला. सासूची फजिती ऐकून मला हसू आलं, अन् मी माघारी आले."

गिऱ्हाइकापुढं मी कधी चूक कबूल केलेली नाही.

"चुकीचाच भरला गेला, ताई," मी म्हणालो. "तो पुसून टाका."