लाल झालेल्या गौरी

शिल्पाने मुखवटे पाण्यातून काढले आणि उजेडाकडे धरले. सकाळी पिवळेधमक असलेले गौरींचे दोन पितळी चेहरे नव्या ताम्हणासारखे लाल झाले होते. घासले, पुसले, परत घासले. लाल ते लालच. आणि दुपारी गौरी आणायच्या होत्या.

सासऱ्यांनी, विद्याधररावांनी, चष्मा कपाळावर चढवून मुखवटे उलटसुलट करून पाहिले. सहा पिढ्यांपूर्वी घराणं गुरसरायहून झाशीत आलं, तेव्हा हे मुखवटे बरोबर आले होते.

"गौर कोपली," ते म्हणाले आणि मोबाइल उचलून बड्या बाजारातल्या पॉलिशवाल्याला विचारू लागले, "भैया, मशीन खाली है? बस, चाय पीकर निकलता हूँ."

कोपली तर कोपली, पण ते मशीन शिल्पाने पाहिलं होतं. माहेरच्या समया त्यावरून चकचकीत होऊन आल्या होत्या, आणि त्यांच्यावरची वेलबुट्टी साफ गेली होती. या मुखवट्यांच्या भुवया केसाएवढ्या बारीक कोरलेल्या होत्या. मुखवटे मशीनवर चढले असते तर गौरींच्या जागी दोन बश्या बसवाव्या लागल्या असत्या, आणि त्या कुणामुळे झाल्या हे घरात जन्मभर सांगितलं गेलं असतं. ती तडक गच्चीवर गेली.

गच्चीवरच्या खोलीत अनुसूया आत्या राहायची. विद्याधररावांची धाकटी बहीण, वय सहासष्ट, लग्न केलेलं नाही. झाशीतच बी.एस्सी. झाली, पुढे चौतीस वर्षं सरकारी फायली चढवल्या-उतरवल्या, आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मुरांब्याच्या बरण्या रिकाम्या करून त्यांत मोरचूद भिजत घातलं. बायका या वयात भजनी मंडळात जातात. ही निळे खडे वाढवत बसली. मोरचूद देणारा पंसारी विचारायचा, "बहनजी, खेती शुरू की है?" ती म्हणायची, "हाँ, छत पर." लोखंडाचे खिळे तांब्याचे दिसायला लावणं, जुन्या सेलमधून जस्ताचं कवच सोलून काढणं, असले तिचे उद्योग. सगळं वहीत, तारखेसकट. वहीच्या मागच्या पानांवर मथळा होता 'चुका', आणि ती पानं पुढच्या पानांपेक्षा जास्त भरलेली होती. आपल्या चुका अशा शाईने लिहून ठेवणारं माणूस शिल्पाने दुसरं पाहिलं नव्हतं.

त्या पानांवरची सर्वांत मोठी चूक घरात सगळ्यांना पाठ होती. तीन वर्षांपूर्वी आत्याने चांदीच्या वाटीत उकडलेलं अंडं ठेवून पाहिलं. वाटी काळी पडली. ती वाटी विद्याधररावांच्या उष्टावणाची, आईने पहिला घास भरवलेली. आणि त्यात अंडं. त्यांनी वाटी कपाटात घालून कुलूप लावलं आणि फर्मान काढलं की अनूचा हात घरातल्या देवाच्या भांड्यांना लागता कामा नये.

"आत्याजी," शिल्पा दारातूनच म्हणाली, "मुखवटे लाल हो गये. बाबा मशीनवर नेतात."

आत्याने हातातली काचकांडी खाली ठेवली. "रडू नकोस, नीट सांग. कशात घातले होतेस?"

"चिंचेच्या पाण्यात. आधी बादलीत तांब्याची भांडी घासली, तेच पानी."

"भांडं कोणतं?"

"लोखंडी कढई. मोठी तीच होती."

"अस्सं," आत्या म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क आनंद दिसला. "बादलीत उरलंय का ते पाणी? आण. आणि दादाला म्हणावं, चहा सावकाश पी."

पण विद्याधरराव चहा टाकून, फडक्यातलं गाठोडं पोटाशी धरूनच वर आले. "अनू, तू हात लावायचा नाहीस."

"लावत नाही. बस तिथे आणि बघ."

शिल्पाने आणलेलं पाणी आत्याने काचेच्या दोन वाट्यांत ओतलं. आपले दोन पितळी चमचे घेतले. एक नुसताच बुडवला. दुसऱ्याला लोखंडी खिळा बांधून बुडवला. तिघंही वाट्यांकडे बघत बसले. थोड्या वेळाने तिने दोन्ही बाहेर काढले. पहिला पिवळा. खिळ्याचा लाल.

"भांड्यांवरचं तांबं चिंचेत उतरलं. लोखंड शेजारी आलं की ते पितळेवर जाऊन बसतं. गौर कोपली नाही, दादा. कढई कोपली."

विद्याधररावांनी चमचा उजेडात धरला, नखाने खरवडला. "आणि हे निघतं?"

"पुस्तकात निघतं. मी काढलेलं नाही कधी."

शिल्पाला वाटलं, हे कशाला सांगायचं आत्ता? पण आत्याचं तसंच होतं. ठाऊक नाही ते ठाऊक नाही. तिने कोमट पाण्यात लिंबूसत विरघळवलं, जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यात ओतलं आणि लाल चमचा सोडला. "आधी आपलं, मग दुसऱ्याचं," ती म्हणाली. बारीक बुडबुडे आले. दहा मिनिटांनी चमचा पिवळा निघाला.

विद्याधररावांनी गाठोडं सोडलं. मुखवटे मात्र त्यांनी स्वतःच काचेच्या परातीत ठेवले. आत्या घड्याळाकडे बघत होती, ते बहिणीकडे. लाली गालांवरून ओसरली, मग नथीखालून, मग भुवयांच्या रेघांतून. धाकट्या गौरीच्या कानामागे एक डाग राहिला.

"तेवढा राहिलाय," ते म्हणाले.

"राहू दे. जास्त ठेवलं तर पितळ खाईल. काढ."

शिल्पाने ते धुऊन पुसले. एकही रेघ बुजली नव्हती. आत्याने वही मागच्या पानावर उघडली, तेव्हा शिल्पा हळूच म्हणाली, "आत्याजी, मेरा नाम मत लिखना."

"तुझं कशाला? कढईचं लिहितेय."

विद्याधरराव पॉलिशवाल्याला नको म्हणून सांगत जिना उतरले. गौरी वेळेवर आल्या, मखरात बसल्या. आरती झाल्यावर ते परत गच्चीवर आले, हातात ती काळी वाटी.

"हिचं काही होईल?"

"दोन मिनिटांत. तेव्हाच केलं असतं, पण तू कुलूप लावलंस." आत्याने वही पुढे ओढली. "आणि चूक माझीच होती. माझ्या कुंकवाच्या डबीचं चांदीचं झाकण होतं की. ते सोडून तुझी वाटी घेतली."

मग ती मागोमाग वर आलेल्या शिल्पाला म्हणाली, "मी नाही, तू कर. पातेल्यात ॲल्युमिनियमची पन्नी, पोळ्या गुंडाळतात ती, त्यावर वाटी, खाण्याचा सोडा आणि कढत पाणी."

शिल्पाने पन्नी अंथरली, सोडा टाकला, पाणी ओतलं. विद्याधररावांनी वाटी पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"रुकिए बाबा," ती म्हणाली आणि आपलं काळं पडलेलं पैंजण आणायला खाली गेली.