रोझवीच्या भुवया

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या ला पाझ मंडईत 'हो' म्हणायला कुणी तोंड उघडत नाही. भुवया उडवल्या की झालं. मासळीवाली तेच करते, रिक्षावाला तेच करतो, आणि आमचे फादरही वेदीवरून उतरले की तेच करतात. पण या कामात रोझवीचा हात धरणारं कुणी नव्हतं. मावशीच्या दुकानात ती बात्चोय वाढायची, म्हणजे डुकराच्या रश्श्यात बुडवलेल्या शेवया, आणि नुसत्या कपाळावर अख्खं दुकान चालवायची. अंडं मिळेल? भुवया वर. रस्सा अजून? भुवया वर. दुपारपर्यंत कपाळाचा नुसता घाम निघायचा.

वय एकोणतीस, आणि मनात एकच माणूस: आर्नेल. समोरच्या गिमारास बेटावर तो बोट न्यायचा आणायचा. रोज अकराला येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा. "अंडं?" ती विचारायची, तो भुवया उडवायचा. "रस्सा आहे अजून?" तो विचारायचा, ती उडवायची. सात महिन्यांत एवढंच बोलणं झालं होतं. तेवढ्यावर या बयेने मनातल्या मनात तीन मुलांची नावं ठरवून ठेवली होती!

तिची चुलतबहीण जोविलिन मॉलमधल्या त्वचेच्या दवाखान्यात कामाला होती. एके दिवशी शेवया ओढता ओढता ती म्हणाली, "अगं, दिवसातून हजार वेळा भुवया उडवतेस. पस्तिशीत मावशीसारख्या तीन घड्या पडतील कपाळाला."

"पण आत्ता तर एकही नाही."

"म्हणून तर आत्ताच टोचून घ्यायचं! चुरगळलेल्या झग्याला इस्त्री करत बसण्यापेक्षा चुरगळूच द्यायचा नाही. बोटॉक्स. पाच-सहा टोचे, मुंगी चावल्यागत."

रोझवीने तिया कोरिंगच्या, म्हणजे मावशीच्या, कपाळाकडे पाहिलं. मग आर्नेलचा विचार केला आणि पुढच्या सोमवारी दवाखान्यात जाऊन बसली. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "कपाळ थोडं हलतं ठेवलेलं बरं. की पार घट्ट करू?"

रोझवीने भुवया उडवल्या. तो तिचा शेवटचा ठणठणीत होकार.

आठवडाभरात तिचं कपाळ चिनी मातीच्या बशीसारखं गुळगुळीत झालं. जोविलिनने फोटो काढले. दुकानात मात्र काहीतरी बिनसलं. गिऱ्हाइकं "अंडं मिळेल?" विचारायची आणि मग तिच्या तोंडाकडे बघत बसायची. "नाही का? बरं, राहू दे." अंड्यांची टोपली भरलेली, आणि ही मंडळी नको म्हणून उठताहेत! सगळ्या मंडईला वेड लागलंय, असं रोझवीचं ठाम मत झालं.

त्या गुरुवारी आर्नेल केस चापून बसवून आला. हातात तीन आंबे. बाकावर न बसता थेट तिच्यासमोर उभा राहिला.

"इंदाय," तो म्हणाला, आमच्याकडे पोरीला लाडानं हाक मारतात तसं, आणि कानापर्यंत लाल झाला. "रविवारी येशील? माझ्या बोटीनं. आईला दाखवायचंय. म्हणजे तुला. आईला."

आमच्याकडे पोरीला आईपुढे नेणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जन्मात उडवल्या नव्हत्या इतक्या उंच रोझवीने भुवया उडवल्या, आणि तशाच धरून ठेवल्या.

आर्नेल वाट बघत राहिला. समोर नुसती बशी. "बरं," तो शेवटी म्हणाला. "हरकत नाही." आंबे ठेवले आणि निघून गेला.

रोझवी भडकली. मी हो म्हटलं आणि हा पळाला! ती दिवसभर कपाळाला आठ्या घालून वावरली, म्हणजे असं तिला वाटलं. बघणाऱ्यांना ती छान विश्रांती घेतल्यासारखी दिसत होती.

शुक्रवारी तो आला नाही, शनिवारीही नाही. रविवारी सकाळी तिया कोरिंग हाडं उकळता उकळता म्हणाली, "त्या गरिबाला नाही कशाला म्हणालीस गं?"

"नाही? चांगलं हो म्हटलं मी!"

"कसं म्हटलंस? म्हणून दाखव."

रोझवीने म्हणून दाखवलं. मावशी डाव हातात धरून थांबली.

"अगं, म्हण की."

"म्हटलं ना!"

मावशीने रश्श्यावरचं चकचकीत झाकण उचललं, पुसलं आणि तिच्या तोंडापुढे धरलं. रोझवीने त्यात बघून पुन्हा हो म्हटलं. भुवया तसूभरही हलल्या नाहीत. मग ते झाकण मावशीच्याच हातात राहिलं आणि रोझवी ॲप्रनसकट रस्त्यावर पळाली.

धक्क्यावर पोचली तेव्हा आर्नेलची बोट सुटून वीस हात पुढे गेली होती. "हो!" ती ओरडली. "आर्नेल, हो!" पण त्या बोटींच्या इंजिनापुढे चर्चची घंटाही ऐकू येत नाही. सुकाणूवरून आर्नेलने एकदा वळून पाहिलं, बशी दिसली, आणि त्याने तोंड फिरवलं.

रोझवीला रडू फुटलं. तिने दोन्ही हातांची बोटं भुवयांखाली घातली आणि त्या ढकलून केसांपर्यंत नेल्या. खाली आणल्या, पुन्हा ढकलल्या. वर, खाली, वर.

बोटीतल्या एका नन बाईंनी ते पाहिलं. शेजारच्या कोंबडीवालीने पाहिलं. नन बाईंनी आर्नेलच्या खांद्यावर टकटक केलं आणि तो वळल्यावर त्याच्याकडे बघून स्वतःच्या भुवया उडवल्या. मग कोंबडीवालीने उडवल्या. मग बोटीतल्या झाडून सगळ्या उतारूंनी.

आर्नेलने धक्क्याकडे नीट पाहिलं. बोट वळली.

रोझवीचे हात भरून आले होते. पण तो धक्क्याला लागून उडी मारून पुढ्यात येईपर्यंत तिने भुवया खाली सोडल्या नाहीत. न जाणो, हा पुन्हा 'नाही'च समजायचा.