अंगठ्याखालचं विमान

वसतिगृहाच्या रखवालदाराने कोपरा फाडलेलं कार्ड हातात दिलं तेव्हाच काय ते कळलं. तरी बाहेर उभं राहून वाचलं. शंकरदादा गेला... लिहायला संकोच वाटतो, पण मनात पहिला शब्द आला तो ‘सुटला’. क्षयाने त्याला इतकं वाळवलं होतं की शेवटी कुशीवर वळायलाही कुणीतरी लागत असे. रडू नंतर आलं, आधी हायसं वाटलं. पण मागोमाग एक टोचणीही लागली. शेवटच्या भेटीत दादाने माझ्या तोंडून ऐकलं होतं ते ‘चूक’.

शंकरदादा माझा चुलतभाऊ. इंझोरीला आमची शेती एकत्र. लढाईच्या दिवसांत तो लांब कुठेतरी विमानतळाच्या कामावर माती टाकायला गेला आणि परतला तो खोकला आणि पत्र्याची एक पेटी घेऊन. पेटीत साहेबलोकांच्या रद्दीत निघालेल्या सचित्र साप्ताहिकांची पानं होती, सगळी विमानांची. बरीचशी विमानं तेव्हाच जुनी झालेली, एकावर एक दोन पंखांची, मधे दांड्या आणि तारा. काका म्हणायचे, “बाजेवर बाज बांधली अन् देल्ली उडवून!” दादाला मात्र तीच आवडत. नवी विमानं काय, कुणीही ओळखील, असं त्याचं म्हणणं. जुनी आता फक्त चित्रातच उरणार, म्हणून ती ओळखण्यात मजा.

आमच्या खेळाचे नियम सोपे होते. चित्राखाली इंग्रजीत छापलेलं नाव अंगठ्याने झाकायचं, चित्र समोर धरायचं आणि दुसऱ्याने विमान ओळखायचं. दादा चौथीपर्यंत शिकलेला. नावं मी वाचून दिली, ती त्याने पाठ केली. खाणाखुणा त्याने शोधल्या, त्या मी शिकलो. तोंड गोल तर वापिटी, टोकदार तर हार्ट. ऑडॅक्स म्हणजे हार्टचा सख्खा भाऊच, फक्त त्याची धुराची नळी अंगालगत लांब मागे जाते. या दोघांत आम्ही किती वेळा फसलो असू...

मी अमरावतीला कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. सुट्टीत घरी आलो की काय बोलावं ते मला सुचत नसे आणि घरच्यांनाही सुचत नसे. दादाशी तो प्रश्न कधी आला नाही. तोपर्यंत डॉक्टरांनी त्याची खाट कडब्याच्या खोलीत वेगळी टाकायला लावली होती आणि मला जवळ बसायची मनाई होती. मग मी अंगणात उभा राही, खिडकीच्या गजांसमोर चित्र धरी आणि तो आतून ओळखी. त्याची पाळी आली की तो गजांशी पान धरी.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस खरं कधीच बोलत नाही. “आज तोंडावर तेज हाये,” “दिवाळीपर्यंत वावरात जासीन,” असं म्हणायचं आणि निघायचं. दादा सगळ्यांना हसून मान डोलवी. एकदा लोक गेल्यावर मला म्हणाला, “सारे मले फसवून राह्यले, गजा. तू नको फसवू. मी चुकलो तं चूक म्हनजो.”

“अन् म्या कीव करून हो म्हटलं तं?”

“तं पेटी चुलीत घालीन. अन् तुले खिडकीपाशी उभाच राहू देनार नाही.”

मी कबूल झालो. तेव्हा ते सोपं वाटलं.

शेवटची भेट माझी सुट्टी संपली त्या दिवशीची. मोटारीची वेळ होत आली होती. मी सहज हाताला आलेलं पान खिडकीशी धरलं. दादा बराच वेळ पाहत राहिला.

“हार्ट,” तो म्हणाला.

“पक्कं?”

“पक्कं. तोंड पाह्य ना त्याचं.”

माझ्या अंगठ्याखाली ऑडॅक्स होतं. माझ्यामागे आई उभी होती. वहिनी पाण्याचा लोटा घेऊन थांबली होती. हो म्हणणं किती सोपं होतं...

“चूक,” मी म्हटलं. “नळी पाह्य.”

“हौ रे... नळी!” दादा हसला, आणि हसताहसता त्याला जोराची ढास लागली. वहिनी आत धावली. मोटारीपर्यंत सोडायला आलेली आई वाटेत एवढंच म्हणाली, “हो म्हटलं असतं तं तुयं काय गेलं असतं?”

कार्ड आल्यापासून हेच वाक्य माझ्यासोबत होतं. तेराव्याला घरी गेलो तेव्हा मी वहिनीच्या नजरेला नजर देत नव्हतो. खोली सारवून झाली होती. वहिनी आत पेटी पुसत होती. मी अंगणात नेहमीच्या जागी उभा होतो. शेवटी तीच बोलली.

“भाऊजी, तुमी गेले त्या दिवशी यायनं वाटीभर पेज मांगून घेतली. कितीक दिवसांनी! म्हने, ‘सारा गाव मले बरा म्हनते. गजा मले चूक म्हनते. म्हनजे मी आजून खेयात आहो.’”

उरावरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावी तसं झालं. वहिनीने पदराने डोळे पुसले, पेटीतलं एक पान काढलं आणि गजांशी धरलं.

“सांगा बरं, कोनतं?”

तिला वाचता येत नाही. तिचा अंगठा विमानाच्या तोंडावर होता आणि खालचं नाव मला लख्ख दिसत होतं.

“वहिनी, अंगठा खाली घ्या,” मी म्हटलं. “नाव दिसून राह्यलं. हे बाद. दुसरं धरा.”