अर्डिथ नायक्विस्टचा काटा

"हे तुला जमायचं नाही" असं अर्डिथ नायक्विस्टला सांगितलं, की ती ते करून दाखवणारच, हे ब्रॅनिगन गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही लोक सांगायचे.

डावा हात तिनं तिशीतच गमावला. गहू कोठारात वर चढवणाऱ्या यंत्राच्या मळसूत्रात बाही अडकली आणि कोपराखालचं सगळं गेलं. गावातल्या धान्याच्या कोठारानं मग तिला भुईकाट्याच्या खोलीत बसवलं. एका हातानं होण्यासारखं काम होतं, आणि थोडी दयाही होती. ती तिथं म्हातारी होईपर्यंत बसली. दया पहिल्याच हंगामात विरली. गव्हाचे भरलेले ट्रक यायचे, रिकामे होऊन परत काट्यावर चढायचे आणि ड्रायव्हर खिडकीशी येऊन आकड्यावरून हुज्जत घालायचे. वर्षातून एकदा राज्याचा निरीक्षक लोखंडी वजनं घेऊन यायचा आणि काट्यावर शिक्का मारून जायचा. अर्डिथला तेवढं पुरायचं नाही. रोज सकाळी पहिल्या ट्रकच्या आधी ती कोठाराचा जुना ट्रॅक्टर काट्यावर चढवायची. त्याचं वजन तिला पाठ होतं. मालकानं एकदा विचारलं, रोज कशाला हा उद्योग? ती म्हणाली, "काल होतं म्हणून आज असेल, असं मला माझ्या हाताबद्दलही वाटलं होतं."

मोंटानाच्या त्या उत्तर टोकाला, जिथून कॅनडाची हद्द दिवसा नुसत्या डोळ्यांनी दिसते, तिथं रायफल घरोघरी असते. अर्डिथनंही लहानपणी बापाबरोबर हरणं मारली होती. हात गेल्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं की तो अध्याय संपला. ती पन्नाशीला आली असताना, रायफल क्लबच्या जेवणाला, क्लबचा अध्यक्ष ऑरिन हॉगस्टॅड तिच्या शेजारी बसला होता. हा गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक. मनानं वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीची एकच बरोबर पद्धत असते असं मानणारा. बोलता बोलता तो म्हणाला, की रायफल हे शेवटी दोन हातांचं काम. पुढच्या वसंतात अर्डिथनं क्लबची वर्गणी भरली. पुढे एक वाळूची पिशवी, मागे एक, मधे रायफल, आणि चापावर उजवा हात. चांदमारीतल्या त्या टेबलामागून तिच्या गोळ्या निशाणाच्या कागदावर अशा एकमेकींना चिकटून पडू लागल्या, की पुरुष आपले कागद गुंडाळून गाडीत टाकू लागले.

पण नेमका नेम धरणाऱ्याला कारखान्याची काडतुसं चालत नाहीत. ती एकसारखी नसतात. म्हणून लोक वापरलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरी पुन्हा भरतात: ठिणगी देणारी नवी टोपी, तोलून घेतलेली बंदुकीची दारू, वरून नवी गोळी दाबायची. दाबयंत्राचा दांडा एका हातानं ओढता येतो. अडचण होती ती दारू तोलण्याची. ती मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे गव्हाच्या दाण्याहून जरा जास्त, आणि काळजी करायची ती त्याच्या दहाव्या हिश्श्याची. जास्त पडली तर रायफल फुटते, कमी पडली तर गोळी खाली जाते. दांडीच्या काट्यावर एका हातानं दाणा दाणा सोडायचा, दुसऱ्या हातानं भांडं धरायचं, मग दांडी हलायची थांबेपर्यंत श्वास रोखून बसायचं. अर्डिथकडे दुसरा हात नव्हता. डाव्या हाताची रिकामी बाही दांडीला लागली की सगळं पहिल्यापासून. म्हणून तिनं आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा मागवला.

ऑरिननं तो पाहिला आणि म्हणाला, "हे खेळणं आहे, अर्डिथ. तीन हिवाळे टिकलं तर मी नाव बदलून घेईन."

चौथ्या वसंतात ती त्याच्या दुकानात शिरली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "काय गुस्ताव्ह, बिजागऱ्या आहेत का?" तेव्हापासून तिच्या तोंडी तो गुस्ताव्हच राहिला.

काटा टिकला तो नशिबानं नाही. थडगी घडवणाऱ्याकडून आणलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर तिनं तो सपाट बसवला. खोलीतली ट्यूबलाइट काढून साधा दिवा लावला, कारण ट्यूब चालू असली की आकडा थरथरायचा. फोन स्वयंपाकघरात. हीटर बंद, कारण त्याचा वारासुद्धा त्या तबकाला जड वाटतो. भरायला बसायच्या बरंच आधी ती काटा चालू करून ठेवायची, त्याचं अंग कोमट होईपर्यंत. आणि मग, भरण्याआधी, मधे आणि शेवटी, चिमट्यानं उचलून एक छोटं पितळी वजन त्यावर ठेवायची. बोटांनी कधी नाही. बोटांचं तेल लागतं. आकडा जुळला तर पुढे. असं करत तो काटा त्याच्या बरोबरीच्या सगळ्या काट्यांहून जास्त जगला. ज्यांनी तिचं पाहून तसेच काटे घेतले होते, त्यांचे कधीच कचऱ्यात गेले होते.

अलीकडे वेस किटलसननं तिच्या शब्दावर तसाच नवा काटा घेतला होता. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, चाळिशीला टेकलेला, घाईचा माणूस. सप्टेंबरमध्ये चांदमारीत त्याची रायफल फुटली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. गालात लोखंडाचे तुकडे घुसले आणि एका कानात कायमची शिट्टी बसली. त्यानं इस्पितळात सांगितलं, की आपण दारू तोलूनच भरली होती, इलेक्ट्रॉनिक काट्यावर. दुसऱ्या दिवशी क्लबच्या फळ्यावर सूचना लागली: इलेक्ट्रॉनिक काट्यावर भरलेली काडतुसं चांदमारीत आणू नयेत, अंतिम निर्णय सभासदांच्या सभेत होईल.

अर्डिथ आधी वेसच्या गराजमध्ये गेली. त्यानं तिला काटा दाखवला. तो मांस ठेवायच्या फ्रीझरच्या डोक्यावर होता. ती तिथं उभी असतानाच फ्रीझरची मोटर सुरू झाली, आणि आकडा आपोआप पुढे सरकून तिथंच बसला.

"असा हलायचा?" तिनं विचारलं.

"कधीकधी. मग मी शून्याचं बटण दाबायचो."

"म्हणजे मोटर थांबली की तो कमी दाखवतो, आणि तू जास्त दारू घालतोस. वजन कुठंय? याच्याबरोबर पितळेचं येतं ते."

वेसनं काट्याच्या खोक्यात हात घातला. वजन प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं, पिशवी न उघडलेली. मग तो पट्टी बांधलेल्या गालावर हात ठेवून म्हणाला, "अर्डिथ, तुम्ही हे सभेत सांगणार का?"

"तोंड तुझं आहे. मी माझ्या काट्याचं बोलेन."

सभा रविवारी दुपारी, चर्चच्या तळघरात झाली. कॉफी होती, कुणीतरी लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून आणल्या होत्या. ऑरिननं नियमाचा मसुदा वाचला. मग अर्डिथ उठली. तिनं काटा टॉवेलात गुंडाळून आणला होता, दगडासकट, आणि तासभर आधी येऊन भिंतीजवळच्या टेबलावर चालू करून ठेवला होता. ती म्हणाली, की यंत्राला बोल लावण्याआधी ते कसं तपासतात ते एकदा बघा. लोक खुर्च्या सरकवून जमले. तिनं चिमट्यानं वजन ठेवलं.

आकडा चुकला.

तिनं उचललं, शून्य केलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा चुकला, आणि या वेळी दुसऱ्याच बाजूला. तिनं टेबल पाहिलं, खालची जमीन पाहिली, दिवे पाहिले. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा आकडा एका जागी ठरेचना. मागून कुणीतरी हसलं, पण लगेच थांबलं, कारण अर्डिथचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. इतक्या वर्षांत तिच्यावर तशी वेळ कुणी पाहिली नव्हती.

ऑरिन हळूच म्हणाला, "झालं तर मग, अर्डिथ. काटा गुंडाळून ठेव आता."

तिनं ठेवला नाही. "हो, गेला," ती म्हणाली. "म्हातारा झाला होता, तुमच्यासमोर गेला. गेल्या आठवड्यात ठीक होता. पण तो गेला हे तुम्हाला कळलं कशानं? या एवढ्याशा वजनानं. मी आज घरी भरायला बसले असते तर तिथंही कळलं असतं, आणि एकही काडतूस भरलं गेलं नसतं. काटा मरणारच. सगळे मरतात. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं वजन आहे, हात वर करा."

दोन-तीन हात वर आले. वेस मागच्या रांगेत कॉफीच्या पेल्यात बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही, आणि तिनंही त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग मतं घेतली. नियम मंजूर झाला, आणि चांगल्या फरकानं. मेलेला काटा समोर असताना वजनाचं कौतुक कोण ऐकणार?

बाहेर गाडीपाशी ऑरिन तिच्या मागून आला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाला, "ऐक तर. तुझी काडतुसं मी भरून देत जाईन. माझ्या दांडीच्या काट्यावर. तुला पाहिजे तशी, पाहिजे तेवढी."

अर्डिथनं काटा पुढच्या सीटवर ठेवला आणि एका हातानं त्याला पट्टा लावला. "माझा घास मी चावते, ऑरिन," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तिनं त्याला खऱ्या नावानं हाक मारली, आणि ते त्याला गुस्ताव्हपेक्षा जास्त लागलं.

त्या हिवाळ्यात लोकांना वाटलं, आता तरी ही गप्प बसेल. तिनं घरातली भरलेली सगळी काडतुसं बाहेर काढली. दर वेळी वजन जुळलं होतं, तरी दोन तपासण्यांच्या मधे काटा कधी डळमळला का हे सांगता येत नव्हतं, आणि "बहुतेक ठीक असतील" हे शब्द तिच्या तोंडात बसत नव्हते. त्यासाठी हातोडीसारखं एक हत्यार मिळतं. त्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडी ओंडक्यावर आपटायचं, की गोळी पुंगळीतून निखळून येते. एका हाताला सोयीचं. बाहेर बर्फ भुरभुरत असायचा आणि तिच्या घरातून ठक, ठक असा आवाज यायचा. शेजारणीला वाटलं ती कपाट बनवते आहे. सगळी दारू तिनं वसंतात गुलाबांच्या वाफ्यात ओतली. त्या झाडांना ती मानवते.

नवा काटा टपालानं आला. तिनं तो दगडावर मांडला, आठवडाभर नुसता तपासला, आणि परत पाठवून दिला. नवाकोरा असूनही तो सकाळी एक बोलायचा आणि संध्याकाळी दुसरं. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, एवढ्याशा फरकानं काही होत नाही, बाई. तिनं त्याला वेसच्या गालाबद्दल सांगितलं. दुसरा काटा आला तो बरा निघाला.

एप्रिलमध्ये तिनं चांदमारी स्वतःच घातली. बापाच्या जमिनीतला एक चराऊ तुकडा अजून तिच्या नावावर होता, आणि त्याच्या टोकाला ओढ्यानं कापलेली उंच मातीची दरड. दरडीपुढे तिनं लाकडी चौकटी रोवल्या. टेबल जुन्या दारांचं केलं. क्लबला कळवलं, की यंदाची वर्गणी मिळणार नाही. तिला पुष्कळांनी समजावलं, की एवढ्या वयात एकटीनं हट्ट नको, ऑरिन म्हणतो तसं कर. ती ऐकून घ्यायची आणि खुंटे ठोकत राहायची.

मे महिन्यात वेस आला. गालावर निळसर खुणा राहिल्या होत्या. म्हणाला, "मी ऑरिनला सांगून आलो. फ्रीझरचं, पिशवीचं, सगळं."

"काय म्हणाला?"

"खिळे तोलत होता, तोलत राहिला."

अर्डिथनं मान हलवली. मग त्याला घरात नेलं, स्टुलावर बसवलं आणि चिमटा त्याच्या हातात दिला. त्या दिवशी त्याला एकही काडतूस भरू दिलं नाही. नुसतं वजन ठेवायचं, उचलायचं, आकडा वाचायचा. वेस कंटाळला, मग चिडला, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आला. त्याच्यामागून त्याची बायको आली. तिला रायफल आवडायची, पण क्लबमधल्या माणसांच्या सल्ल्यांना ती विटली होती. उन्हाळ्यात कुरणात चार-पाच गाड्या दिसू लागल्या. क्लबच्या फळ्यावरचा नियम होता तसाच राहिला.

ऑरिन आला तो गव्हाची कापणी संपल्यावर. पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याच्या वडिलांचा दांडीचा काटा होता. तो बराच वेळ गाडीला टेकून वाऱ्याबद्दल आणि गव्हाच्या भावाबद्दल बोलत राहिला. अर्डिथनं त्याला मदत केली नाही. शेवटी तोच म्हणाला, "तुझं ते वजन देतेस का जरा? माझ्याकडे कधीच नव्हतं."

तिनं त्याला दगडापाशी नेलं, खिडकी लावून घेतली आणि चिमटा पुढे केला. वजन तबकात ठेवताना त्यानं ओठ दातांखाली धरला. दांडी वर-खाली झाली, मंद होत गेली आणि रेघेवर येऊन थांबली. अगदी रेघेवर.

ऑरिननं श्वास सोडला. "बरोबर आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकाही होती आणि थोडी जीतही.

"आज," अर्डिथ म्हणाली.

काटा खोक्यात ठेवता ठेवता तो म्हणाला, की जानेवारीच्या सभेत नियम पुन्हा मांडीन, काढून टाकायला लावीन, तू परत येशील ना? अर्डिथ म्हणाली, "खुशाल काढा. माझी चांदमारी इथं आहे. तुला यायचं असेल तर शनिवारी ये, आणि येताना स्वतःचं वजन विकत घेऊन ये." मग तिनं खांद्यावर पिशवी टाकली, रायफल उचलली आणि दरडीच्या दिशेनं चालू लागली. वारा बाजूनं होता आणि त्या दिवशी तिच्या गोळ्या काही फार जवळजवळ पडल्या नाहीत. तिनं कागद बदलला आणि पुन्हा टेबलामागे बसली.