स्वीडनचं धिरडं

बाबांनी आयुष्यात माझी एकच परीक्षा घेतली आणि ती धिरड्याची होती. आज हे मी हसत सांगते. तेव्हा मात्र जीव टांगणीला लागला होता आणि मी घरातल्या प्रत्येकावर खेकसत होते, तव्यावरसुद्धा.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातली. मी नुकतीच होम सायन्सची बी.एस्सी. झाले होते. बाबा पोस्टात सॉर्टर होते. मी प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी त्यातला फक्त 'सायन्स' हा शब्द ऐकला आणि पोस्टात पेढे वाटून मोकळे झाले. तीन वर्षं ते भेटेल त्याला सांगायचे, पोरगी सायन्सले आहे. मग मी एम.एस्सी.साठी बडोद्याचा फॉर्म घरी आणला आणि त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा माझी प्रॅक्टिकलची फाइल उघडली. पहिल्या पानावर रव्याचा केक निघाला, दुसऱ्यावर कोबीचं कटलेट.

"हे काय होय?"

"प्रॅक्टिकल," मी म्हटलं.

"हे शिकाले बडोद्याले जाऊन राहिली तू?"

मी त्यांना पोषणशास्त्र सांगितलं, जीवनसत्त्वं सांगितली, लहान मुलांची वाढ सांगितली. खिडकीवर पार्सल हरवल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं ऐकावं तसं बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग उसळले.

"छप्पन साली धम्मदीक्षेच्या मैदानात लाखो लोकाईमंधी उभा होतो मी! आम्हाले शिका म्हणून सांगतलं होतं, रांधा म्हणून नाही. रांधाले तुही माय आहे घरी. तू डॉक्टर हो, वकील हो, कलेक्टर हो, मी अंगावरचा सदरा विकतो. पण कटलेट शिकाले पोरगी परगावी? लोकं काय म्हणतीन?"

आता खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. पण मी त्यांचीच मुलगी. मी म्हटलं, "माय करते ते वेगळं अन् आम्ही शिकतो ते वेगळं."

"वेगळं? मंग दाखव ना! तुह्या मायले येत नाही असं एक तरी करून दाखव. रविवारी मी खातो. मंग तुह्या मायले करू दे. तिले नाही जमलं, तर तू बडोद्याले जा. जमलं, तर फॉर्म चुलीत. अन् तोपर्यंत तिनं तुह्या कामाले हात नाही लावाचा."

दिवस बुधवार होता. मी पण तावातावानं 'हाव' म्हणून बसले आणि पाच मिनिटांनी पस्तावले. कारण माझ्या आईला येत नाही असं काही नव्हतंच.

आमच्याकडे लग्नकार्यात लांब पोळी लागते. पेटत्या चुलीवर मातीचं मडकं पालथं घालायचं, सैल, जवळजवळ वाहती कणीक हातांवर घ्यायची, झुलवत झुलवत कोपरांपर्यंत लांबवायची आणि अलगद मडक्यावर टाकायची. आईची पोळी इतकी पातळ असायची की तिच्यातून पलीकडचा माणूस दिसे. आणि भोक? छे! वीस-बावीस वर्षांत एकाही पोळीला भोक नाही. आमच्या नात्यागोत्यात कुठंही मांडव पडला की पहिला निरोप आईला यायचा. त्यामुळे माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, जी दोन घरं सोडून राहायची, ती मनातून जळायची. तिच्या पोळ्यांना खिडक्या पडायच्या. लग्नात ती आईच्या शेजारी पाट घेऊन बसायची आणि एक तरी पोळी फाटते का याची वाट पाहायची. आईही काही कमी नव्हती. कोणी 'पोळी चांगली झाली' म्हटलं तर इतर बायकांसारखं 'कुठं वं' वगैरे नाही. 'हाव, झाली ना,' म्हणायची आणि आत्याकडे बघायची.

तर अशा बाईला न येणारं काय करावं? मी फाइल उलटीपालटी केली आणि एका पानावर थांबले. स्वीडनचं पातळ पॅनकेक, ताज्या बेरींसोबत. मैदा, दूध, अंडी, वितळलेलं लोणी. कॉलेजात आमच्या बाईंनी ते एकदाच करून दाखवलं होतं आणि बेरींच्या जागी बाटलीतला जॅम लावला होता, कारण बेरी आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. बाईंनीही पाहिली नसावी. पण मी म्हटलं, स्वीडन पुरेसं लांब आहे. तिथपर्यंत काही आईचा हात पोचायचा नाही.

गुरुवारी पहिला घाणा. कॉलेजात सपाट पॅन होता, घरी आमचा खोलगट लोखंडी तवा. पीठ ओतलं की सगळं मध्ये जमा. मध्यभागी शिरा, कडेला पापड. दुसरं चिकटलं. तिसरं उलटताना अर्धं स्टोव्हवर पडलं आणि असा धूर झाला की शेजारीण धावत आली. आई उंबऱ्यात सुपात गहू निवडत बसली होती. हात लावायचा नाही म्हणजे नाही, तिनं शब्द पाळला. पण तिची बोटं नुसती वळवळत होती.

"काही काही तव्याईले कांदा घासल्याशिवाय समजतच नाही बाप्पा," ती म्हणाली.

"आई, तू बोलू नको!"

"मी कुठं तुले बोलून राहिली? मी गव्हाशी बोलून राहिली."

शुक्रवारभर ती गव्हाशी बोलत होती. जाळ मोठा आहे, असं गव्हाला सांगितलं. पीठ जरा वेळ झाकून ठेवावं लागते, हेही गव्हालाच कळलं. मी फणकाऱ्यानं तोंड फिरवायची आणि ती आत पाणी प्यायला गेली की गुपचूप तसंच करायची. शनिवारी संध्याकाळी पहिलं पॅनकेक सबंध निघालं. त्याला कांद्याचा वास येत होता. मी ते मान्य करायला तयार नव्हते.

राहिल्या बेरी. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून मी ठरवलं, फालसे. जांभळे, आंबटगोड, बोटाच्या पेराएवढेही नाहीत. यापेक्षा बेरी ती काय वेगळी असणार? रविवारी सकाळी पीठ कालवून झाकून ठेवलं आणि सीताबर्डीला गेले. फालसेवालीनं द्रोण भरला आणि मी तोंड उघडायच्या आत वर तिखट-मीठ भुरभुरवलं.

"अवं, बिना मिठाचे पाह्यजे मले!"

"बिना मिठाचे? काहून, घरी कोणी बिमार आहे काय?"

तिच्याशी भांडून दुसरा द्रोण घेतला आणि उन्हातान्हाची घरी आले. मागच्या बाजूनं येताना स्वयंपाकघराच्या खिडकीत नजर गेली आणि पाय तिथंच खिळले.

आई स्टोव्हपाशी उभी होती. तव्यावर माझं पीठ होतं. तिनं पळी फिरवली नाही, पदरानं तव्याची कड धरून तवाच गोल फिरवला. पीठ सरसरत कडेपर्यंत गेलं. मग बोटांनीच उचलून उलटवलं. क्षणभरानं ते धिरडं तिनं खिडकीच्या उजेडात धरलं. अव माय! त्यातून मला तिचा चेहरा दिसला. कडेला जाळी, मध्ये सोनेरी, आमच्या बाईंनासुद्धा कधी जमलं नव्हतं असं. तिनं ते दोन घासांत खाऊन टाकलं आणि तोंड पुसलं.

संपलं, मी म्हटलं. बडोदा संपलं. आईला मुद्दाम वाईट करायला सांगू? कोणत्या तोंडानं? जिनं वीस वर्षांत एक पोळी फाटू दिली नाही तिला म्हणू, माझ्यासाठी फाड? मी फालसे ठेवले, हात धुतले आणि तवा पुसायला घेतला.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून पाटावर बसले, ऑफिसात बसतात तसे ताठ. आत्या न बोलावता आली. आमच्या घरात परीक्षा आणि ती नाही, असं कसं होईल? मी स्टोव्ह पेटवत होते तोवर तिनं ताटलीतले फालसे पाहिले, 'हे पोरगी विसरली वाटते,' म्हणाली आणि प्रेमानं त्यांच्यावर तिखट-मीठ घातलं. मला कळलं तोवर ते फालसे बाबांच्या पॅनकेकवर, पिठीसाखरेवर जाऊन बसले होते. बाबांनी मोठा घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"स्वीडनमंधी तिखट खातात काय वं?"

"हाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी दुसरं मागितलं. मग तिसरं. मिशी पुसून म्हणाले, "चांगलं आहे. पण हे धिरडंच होय. अंड्याचं धिरडं." आणि आईकडे वळले. "आता तू कर."

आई उठली. हात धुतले, पदर खोचला. आत्या पाट पुढं ओढून बसली, लग्नात बसते तशी.

गार पडलेला तवा आईनं तापू दिला नाही. भरली पळी मधोमध ओतली आणि उभी राहिली. तवा फिरवला नाही. मग उलथणं उचललं. आयुष्यात तिला धिरड्याला उलथणं घेताना मी पाहिलं नव्हतं. ते तिनं मधूनच खुपसलं, ओढलं, फाडलं. तव्यावर नुसता चेंदा झाला. दुसरं घातलं, ते काळं होईपर्यंत तसंच ठेवलं. घरभर जळका वास सुटला.

"नाही जमत बाप्पा मले हे," ती म्हणाली. "शिकेल माणसाचं काम आहे."

आत्याला इतका आनंद झालेला मी तिच्या पोराच्या लग्नातही पाहिला नव्हता. "पाहा वं माय! मोठी पोळीवाली! धिरडं नाही येत हिले!" ती पोट धरून हसली. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती खाली मान घालून तवा खरवडत राहिली.

बाबांनी तो चेंदा ताटलीत मागून घेतला आणि खाल्ला, सगळा. चोवीस वर्षं तिच्या हातचं खात आलेला माणूस. एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा तिच्या पाठीकडे, बराच वेळ.

"नाही जमत तिले," ते हळू म्हणाले. "आण तुहा फॉर्म."

त्यांनी सही केली आणि चपला घालून बाहेर निघून गेले. मी मोरीत जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले.

बडोद्याला दोन वर्षं शिकले. परत येऊन कॉलेजात शिकवायला लागले. दर वर्षी मुलींना ते पॅनकेक शिकवलं, तवा कांद्यानं घासायला सांगितलं आणि वासाबद्दल कोणाला काही बोलू दिलं नाही. आत्यानं तो किस्सा प्रत्येक मांडवात सांगितला. बायका खिदळायच्या. आई कोपरापर्यंत कणकेत, हातांवर दीड हात पोळी झुलवत म्हणायची, "हाव वं, नाही जमलं." मला इतका संताप यायचा की वाटे, उठून सगळ्यांसमोर सांगावं. पण आई माझ्याकडे अशी बघायची की मी बसून राहायची.

पुढं आत्या गेली, बाबाही गेले. एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. आई उंबऱ्यात गहू निवडत होती. दारं लावलेली, ऐकायला कोणी नाही. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आई, एकदा ते स्वीडनचं करून दे ना मले. तुह्या हातचं."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मले कुठं येते ते," ती म्हणाली.